माझं शून्य दीड फूट वर

आधी नुसतं ऐका, मित्रांनो. हसायचं तर हसा, पण मधे बोलू नका. तीस वर्षं मी गप्प उभी होते, आता एकदा सुटले की मला थांबता यायचं नाही.

मी एक जुनी मोजपट्टी आहे. कापड मोजायची नव्हे हं, पाणी मोजायची. आठ फूट उंच, पंजाएवढी रुंद, पांढऱ्या अंगावर लाल आकडे. एका सुतारानं मला शाळेच्या मोडक्या दाराच्या चौकटीतून कापून काढलं, म्हणून माझ्या पाठीला अजून बिजागरीची खाच आहे. आकडे काढले दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्यानं. त्याच्या हातचा चार जरा पोट सुटलेला आला. मग काय, लोक एकमेकांना विचारायचे, "आज पाणी कुठवर?" "ढेरीपर्यंत!" म्हणजे चार फूट. मला राग नाही यायचा. कुणीतरी रोज आपल्याकडे बघतंय याचंच मला इतकं अप्रूप होतं!

मला तळ्यात उभं केलं. तळ्याला दगडी पायऱ्या होत्या. अगदी तळाच्या दगडात एक चौकोनी खोबण कोरलेली होती, तीत माझा पाय. तळाचा दगड म्हणजे माझं शून्य. वरच्या वस्तीतलं पावसाचं सगळं पाणी उतारानं तळ्यात यायचं. आणि तळ्याच्या पलीकडे, जराशी खोलगट, खालची गल्ली. चाळीसेक घरं असतील. नियम साधा होता. माझ्यावर पाणी पाचला टेकलं की शिट्टी वाजायची आणि गल्ली सामान उचलायला लागायची. सहाला टेकलं की गल्लीच्या तोंडाशी असलेला गोल दगड बुडायचा, आणि मग पाणी घरात. पाच ते सहा, एवढाच काय तो वेळ लोकांच्या हातात. आणि तो वेळ मी द्यायचे, बरं का! मी!

शिट्टी वाजवणारे म्हणजे पट्टीकाका. नगर परिषदेचे मोजणीदार. सकाळी सात वाजता यायचे. चष्मा दोरीनं गळ्यात बांधलेला, कानावर सुताराची जाडी पेन्सिल, काखेत कापडी पुठ्ठ्याची वही. आकडा मोठ्यानं दोनदा वाचायचे आणि मगच शाईनं लिहायचे. एकदा त्यांनी परिषदेत वहीच्या पानाची नक्कल दिली, तर ती तीन वेळा परत आली. "मूळ कुठंय? मूळ आणा." तेव्हापासून काकांच्या डोक्यात पक्कं बसलं की नकलेला किंमत नाही, जे असेल ते मूळच्या मूळ नेऊन टेबलावर ठेवायचं. हे लक्षात ठेवा हं. मी उगाच सांगत नाहीये.

काकांची धाकटी बहीण खालच्या गल्लीतल्या पहिल्याच घरात राहायची. शिवणकाम करायची, म्हणून सगळे तिला शिवणताई म्हणायचे. खिडकीशी तिचं मशीन होतं. सकाळी चहाचा कप घेऊन ती पायरीवर यायची आणि भावाची फिरकी घ्यायची.

"काय दादा, बायको विचारते तेव्हा ऐकू येत नाही आणि त्या लाकडाशी मात्र दोनदोनदा बोलतोस!"

"लाकूड उलट उत्तर देत नाही," काका म्हणायचे.

एका वर्षी काय पाऊस झाला म्हणून सांगू! मी पाच म्हटलं, काकांनी शिट्टी फुंकली, फुंकतच गल्लीभर धावले. पाणी साडेसहापर्यंत चढलं, पण गल्लीतली एक चादरसुद्धा भिजली नाही. सगळं माळ्यावर. पाणी ओसरल्यावर गल्लीतल्या पोरींनी येऊन मला दात घासायच्या ब्रशनं साबण लावून धुतलं, आणि आकड्यांच्या मधल्या रेघासुद्धा सोडल्या नाहीत. गुदगुल्या झाल्या असत्या, लाकूड नसते तर.

मग तो ट्रक आला.

पाइप घेऊन आला होता, मागं घेताना पायऱ्यांवरून घसरला आणि माझ्यावर टेकला. मी वाकडी झाले, माझ्या पायाखालची खोबण फुटली. उन्हाळा होता, तळ आटलेला. काका गवंड्याला घेऊन आले. गवंडी म्हणाला, "खालचा दगड गेलाय काका. एक पायरी वर घेऊ. पक्की बसवतो, शंभर वर्षं हलायची नाही." काकांनी टेप लावला. दीड फूट. बरोब्बर दीड फूट वर. म्हणजे आता मी जे सांगेन त्यात दीड मिळवायचा, की झालं. वही घरी होती. काकांनी कानावरची पेन्सिल काढली आणि माझ्या पाठीवर, बिजागरीच्या खाचेखाली लिहिलं: "शून्य दीड फूट वर घेतलं. वहीत टिपणे." तारीख घातली, सही केली. आणि गेले.

आणि तो गवंडी इतका भला माणूस, इतका भला, की काय सांगू! काकांना खूश करायचं म्हणून उरलेला ऑइलपेंट आणून त्यानं मला रंगवलं. पुढून आकडे जपून रंगवलं, बाजूनं रंगवलं, आणि पाठीवरसुद्धा दोन हात मारले. पेन्सिल गेली रंगाखाली.

दुसऱ्या दिवशी काका आले तर मी नव्या नवरीसारखी चमकतेय. ते इतके हरखले, मित्रांनो! चष्मा लावला, काढला, परत लावला. आकडा दोनदा वाचला, कोरडं, कोरडं. वहीत लिहिला. शून्याबद्दल काहीच लिहिलं नाही. विसरले. बस्स. एवढंच झालं.

मी ओरडायला हवं होतं ना? कुठून ओरडणार? मला तोंड कुठंय? मला फक्त आकडे आहेत, आणि आता तेच खोटे होते.

चार वर्षं मी खोटं बोलले. खरं पाणी पाच असलं की मी साडेतीन म्हणायचे. काका दोनदा वाचायचे, साडेतीन, साडेतीन, आणि शिट्टी खिशातच राहायची. दोनदा गल्लीत पाणी शिरलं. दुसऱ्यांदा शिवणताई चिखलाच्या पायांनी तणतणत आली.

"दादा, शिट्टी गिळलीस का?"

"पट्टीवर साडेचार होतं गं. गटार तुंबलं असेल."

"गटार? माझ्या मशीनच्या पायडलपर्यंत पाणी होतं! तुला ते लाकूड खरं आणि मी खोटी?"

"तीस वर्षांची वही आहे ती," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला. "वही खोटं बोलत नाही."

पंधरा दिवस ताई चहा घेऊन आली नाही. काका सात वाजता यायचे, वाचायचे, लिहायचे, रिकाम्या पायरीकडे बघायचे आणि जायचे. मी शरमेनं कुजायची तेवढी राहिले.

बरं, इथपर्यंत चूक घरातलीच होती. पण मग परिषदेनं आराखडा आणला. तळेकाठ पुनर्विकास. काठावर हे मोठ्ठे फलक लागले, गुळगुळीत चित्रांचे. अर्धं तळं बुजवायचं, त्यावर दुकानांचं संकुल, गाड्या लावायला जागा, उरलेल्या अर्ध्याला काँक्रीटचा काठ. काठावरची झाडं तोडायची, लव्हाळी काढायची. चित्रात लोक हसत फिरत होते, पाणी निळंशार होतं. खालची गल्ली चित्राच्या चौकटीबाहेर होती. आणि फलकाच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात काय लिहिलं होतं ठाऊक आहे? "परिषदेच्या मोजणी वहीनुसार गेल्या चार वर्षांत पाण्यानं पाच फुटांची पातळी ओलांडलेली नाही. तळं आटत चाललं आहे."

माझे आकडे! माझेच!

हरकती ऐकायला परिषदेची मंडळी तळ्यावरच आली. अध्यक्षबाई, अभियंतासाहेब, पंधराएक सदस्य, सगळे रुमालानं पायऱ्या झटकून उभे. गल्ली समोर. एक आजोबा झाडांबद्दल बोलले, की यांच्या सावलीमुळं उन्हाळ्यात आमची घरं राहण्याजोगी असतात. शाळेच्या बाईंनी पक्ष्यांची यादी वाचली, छत्तीस नावं. साहेब नम्रपणे माना डोलवत होते. मग शिवणताई पुढं आली. हातात मोजायची टेप, तशीच मशीनवरून उठून आलेली.

"मला एवढंच सांगा. हे तळं आमच्यासाठी पाणी धरून ठेवतं. अर्धं बुजवलंत तर उरलेलं पाणी कुठं जाईल? माझ्याकडे येईल ना?"

"ताई, आकडे बघा," साहेब म्हणाले. "चार वर्षं पाणी पाचच्या वर नाही. वही तुमच्या बंधूंचीच आहे."

लोक हसले. ताई नाही हसली.

"आमच्या तोंडाशी तो गोल दगड दिसतोय? मी एवढीशी होते तेव्हापासून, पट्टी सहा म्हणाली की दगड बुडतो. गेल्या पावसात दगड बुडाला, आणि वहीत साडेचार. मग दगड काय रात्रीत दीड फूट खाली बसला?"

परत हशा. पण मी काकांकडे बघत होते. दीड फूट हे शब्द कानावर पडले आणि त्यांच्या हातातली वही खाली आली. त्यांनी माझ्या पायाकडे पाहिलं. मग पायरीकडे. मग आणखी खालच्या फुटक्या दगडाकडे. चेहऱ्यावरचा रंग असा उतरला, मित्रांनो, की मला माझे आकडे पुसून टाकावेसे वाटले.

अध्यक्षबाई म्हणाल्या, निर्णय पुढच्या सोमवारी, सकाळी अकरा वाजता, सभागृहात. हरकतींचे पुरावे तोपर्यंत द्यायचे, नंतर नाही.

सगळे गेल्यावरही काका आठवत राहिले. सहा दिवस रोज येऊन माझ्यासमोर उभे राहिले आणि काय लिहिलं होतं, कुठं लिहिलं होतं, हे आठवत राहिले. वहीची सगळी पानं उलटून झाली होती, आणि लेखी मूळ हातात नसताना नुसत्या तोंडी सांगण्यावर परिषदेत कोण विश्वास ठेवणार, असं ते पुटपुटायचे. आणि सोमवारी सकाळी सात वाजता नेहमीप्रमाणं आकडा वाचायला आले, हात सहज माझ्या पाठीवर गेला, बोट बिजागरीच्या खाचेत अडकलं, आणि आठवलं!

कुलपाच्या किल्लीनं त्यांनी रंग खरवडला. आधी तारीख दिसली. मग सही. मग "शून्य दीड फूट वर". काका पायरीवर बसले. हसले की रडले मला कळलं नाही, चष्मा ओला झाला एवढं खरं. मी तर आनंदानं फुटायची बाकी होते. सुटलो! सांगा त्यांना! आणा सगळ्यांना इथं, दाखवा!

पण काकांच्या डोक्यात तेच बसलं होतं ना. मूळ आणा. मूळच्या मूळ टेबलावर ठेवा.

ते धावत गेले आणि पहार घेऊन आले. मी मनातल्या मनात नको नको म्हणत होते. ते मात्र घाम पुसत, पायाशी घाव घालत, माझ्याशी बोलत होते, "चल बाई, आज तूच सांग त्यांना. तूच सांग." शंभर वर्षं न हलणारा गवंड्याचा सिमेंटचा पाया दहा वाजेपर्यंत चुरा झाला. पायरीचा काठही तुटला. काकांनी मला खांद्यावर घेतलं. रस्त्यात लोक थांबून बघत होते. मी पहिल्यांदाच गाव बघत होते आणि मला काही दिसत नव्हतं.

सभागृहात लांब टेबल होतं, पाण्याच्या बाटल्या रांगेनं. काकांनी मला त्या टेबलावर आडवं ठेवलं. चिखल लागला कागदांना. कुणीतरी "अहो, अहो" केलं. ताई मागच्या खुर्चीवरून उठून उभी राहिली.

"चूक माझी आहे," काका म्हणाले. आवाज कापत होता, पण मोठा होता, शिट्टीसारखा. "चार वर्षांच्या प्रत्येक आकड्यात दीड मिळवा. पाणी दोनदा सहाला गेलंय. बहीण खरं बोलते. हे बघा, मूळ आणलंय."

अध्यक्षबाईंनी वाकून वाचलं. मग साहेबांनी. साहेब वाईट माणूस नव्हते, मी त्यांचा चेहरा जवळून बघितला. ते हळूच म्हणाले, "काका, ही जागेवर असती तर मी आत्ता लेव्हलचं यंत्र लावून मोजली असती. तासाचं काम होतं. तुम्ही उपटून का आणलीत?"

काका म्हणाले, "पायरी आहे ना तिथं."

"पायरीत खड्डा आहे. पट्टी त्यात किती आत होती, हे आता कसं ठरवायचं?"

"लिहिलंय की!"

एक सदस्य म्हणाला, "आज सकाळी लिहिलं नसेल कशावरून? रंग तर आज खरवडलाय."

दुसरा म्हणाला, "हरकत घेणारी बाई तुमची सख्खी बहीण ना?"

"माझ्या भावानं मला चार वर्षं खोटं ठरवलंय!" ताई मागून ओरडली. "माझी बाजू घ्यायची असती तर तेव्हाच नसती घेतली?"

"मागून बोलू नका," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग आठ दिवस द्या," ताई पुढं येत म्हणाली. " फक्त आठ दिवस. पाणी कुठवर येतं ते घरोघरी भिंतींवर दिसतंय, येऊन बघा."

हात वर करायला सांगितले. मुदतवाढ द्यावी, चार हात. देऊ नये, अकरा. मग साहेबांनी खाली बघत सांगितलं, की मोजणीदारानं स्वतःच चूक कबूल केल्यामुळं ही वही आता भरवशाची धरता येत नाही, ती फाइलमधून काढावी. अख्खी वही, तीस वर्षांची! ज्या वर्षी साडेसहा होतं ते पानसुद्धा! मग निर्णय कशावर? आराखडा करणाऱ्या सल्लागारांच्या अहवालावर. आणि अहवाल कशावरून केलेला? माझ्याच चार वर्षांच्या आकड्यांवरून. तो मात्र फाइलमध्ये राहिला, कारण त्यावर शिक्का होता.

परत अकरा हात. टेबलावर आडवी पडून मी ते खालून मोजले.

पुढचं मी पटकन सांगते, मला सांगवत नाही. झाडं आठवड्यात गेली. लव्हाळी एका दिवसात. छत्तीस पक्ष्यांचं काय झालं, कुणी विचारलं नाही. अर्ध्या तळ्यात मुरूम पडला. काकांचं काम काढून घेतलं, मोजायला काही उरलंच नव्हतं. मला पुरावा म्हणून गोदामात टाकलं, मोडक्या खुर्च्यांच्या मागं, आणि एक दिवस गोदाम रिकामं करताना बाहेर फेकलं. शिवणताईनं उचलून घरी नेलं. मशीनच्या बाजूला कोपऱ्यात उभं केलं, एवढंच.

मग पाऊस आला. पाणी तळ्यात मावेना, ते गल्लीत आलं. शिट्टी नाही, काही नाही. उंबऱ्यावरून आत आलं आणि माझ्या पायाला लागलं. एक फूट. दोन. अडीच. मशीन बुडालं, कुणाचं तरी लग्नाचं कापड त्याच्यावरच होतं. पलीकडच्या घरातले आजोबा, झाडांबद्दल बोललेले, त्यांना टेबलावर चढवता चढवता ताईचा पाय मुरगळला. मी कोपऱ्यात उभी राहून पाणी मोजत होते. चार वर्षांनंतर माझे आकडे पहिल्यांदा खरे होते. माझं शून्य ताईच्या फरशीवर होतं.

पाणी उतरल्यावर काका आले. दारात उभे राहिले, चष्मा लावला, माझ्या अंगावरची चिखलाची रेघ शोधली. "अडीच," ते म्हणाले. मग परत म्हणाले, "अडीच." लिहायला वही नव्हती. ताईनं शिंप्याचा खडू त्यांच्या हातात दिला, आणि काकांनी भिंतीवर लिहिलं. पुढच्या पावसांचे धरून आता भिंतीवर चार आकडे झालेत. कुणी ते मागायला येत नाही. पण ताई ती भिंत रंगवू देत नाही कुणाला.

मित्रांनो, एवढं ऐकलंत तर एक करा. कुठलीही वस्तू हलवली, दुरुस्त केली, नवी केली, तर आधी लिहून ठेवा आणि मग खूश व्हा. आणि चूक सापडली तर तिला जागची हलवू नका, माणसांना तिच्यापाशी घेऊन या. मला हे आता कळतंय. पण सोमवार होता, अकराला निर्णय होता, हाताखाली स्वतःची सही उघडी पडली होती, आणि आयुष्यभर ज्यांनी मूळ आणा म्हटलं त्यांच्यापुढं जायचं होतं. काकांच्या जागी तुम्ही असतात, तर खरं सांगा, पहार उचलली नसतीत? तुम्ही काय केलं असतंत?